मध्यप्रांत-वऱ्हाडचे दफ्तर कोण वाचणार?

नागपूर एकेकाळी राजधानी होती, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कशाची राजधानी, असे विचारले की मात्र मोठी माणसेही चाचरतात. कोणी भोसल्यांची म्हणतो, कोणी विदर्भाची. विदर्भ नावाचे राज्य झालेच नाही, तर त्याची राजधानी कुठून असणार? नागपूर राजधानी होती ती मध्यप्रांताची आणि पुढे मध्यप्रांत व वऱ्हाडची. जुनी माणसे तोंड भरून 'सी.पी. अँड बेरार' म्हणत, तो हा प्रांत. १९५० ते १९५६ या सहा वर्षांत त्याचेच नाव मध्यप्रदेश होते, आणि त्या मध्यप्रदेशचा कारभारही नागपुरातूनच चालत होता.

लोक विसरतात याबद्दल आमचा राग नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्यांना हा प्रांत आठवतो ते तो आम्हाला वगळून आठवतात, आणि आम्ही विदर्भातले मुसलमान तर तो आठवतच नाही.

अलीकडे नागपुरात या विषयावर बोलणे पुष्कळ होते. वेगळ्या विदर्भाचा प्रश्न निघाला की सी.पी. अँड बेरार निघतोच. डॉक्टरांच्या पाट्यांनी भरलेल्या रामदासपेठेत असेच एक व्याख्यान होते. आम्ही उर्दू शाळांतले काही शिक्षक रेल्वेलाइन ओलांडून मुद्दाम तिथे गेलो. वक्ते अभ्यासू होते, कागद न पाहता तारखा सांगत होते. दोन तासांत हिंदी महाकोशल विरुद्ध मराठी विदर्भ, रविशंकर शुक्ल विरुद्ध डॉ. ना. भा. खरे, नागपूर करार आणि त्याचा भंग, असे सगळे झाले. मुसलमान त्यात दोनदा आला. एकदा वऱ्हाड गहाण टाकणारा निजाम म्हणून आणि एकदा विद्यामंदिर योजनेत मोडता घालणारी मुस्लिम लीग म्हणून. बख्त बुलंद शाहाला 'एक गोंड राजा' एवढ्यावर आटोपले. आमच्यापैकी एकाने उठून प्रश्न विचारला, तेव्हा 'तो आजचा विषय नाही' असे उत्तर आले. चहा मात्र चांगला होता.

आजचा विषय नाही, तर मग कधीचा? नागपूर वसवले कोणी इथपासूनच सुरुवात करू. १७०२ च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने बारा लहान खेडी एकत्र करून हे शहर उभे केले. औरंगजेबाच्या दरबारात त्याने इस्लाम स्वीकारला होता आणि 'बख्त बुलंद' हे नाव त्याला औरंगजेबानेच दिले होते. पुढे हाच राजा औरंगजेबाविरुद्ध उठला, तेव्हा बादशहाने चिडून त्याला 'निगूँ-बख्त', म्हणजे फुटक्या नशिबाचा, म्हणायला सुरुवात केली. ज्यांना इतिहासात सगळे मुसलमान एका बाजूला आणि सगळे बाकीचे दुसऱ्या बाजूला उभे हवे असतात, त्यांची इथे पंचाईत होते. हा माणूस गोंड आहे, मुसलमान आहे, मोगलांचा मनसबदार आहे आणि मोगलांचा बंडखोरही आहे. त्याला कोणत्या रांगेत उभे करणार? म्हणून मग 'एक गोंड राजा' म्हणून पुढे जाणे सोयीचे. आमच्याकडच्या वाजांमध्ये तर त्याचे नाव तेवढेही येत नाही. तो दिल्लीचा नव्हता ना!

त्याच्या मागून आलेल्या चाँद सुलतानाने शहराला कोट घातला आणि तलाव बांधला. तो जुम्मा तलाव. जुम्म्याचा पुढे शुक्रवार झाला म्हणून शुक्रवारी तलाव, आणि आता गांधीसागर. कोटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट आहे. गांधीजींच्या नावाला आमची कसलीही हरकत नाही, नावे बदलतातच. पण जुम्मा आणि शुक्रवार हा एकच वार आहे, आणि नागपूरने तो एका भाषेतून दुसऱ्या भाषेत स्वतःहून नेला, हे तरी पोरांना सांगायला काय हरकत होती? तलावाच्या काठी भेळ खाणाऱ्या शंभर जणांना विचारा, एकालाही चाँद सुलतान ठाऊक नसतो. त्या शंभरांत आमचेही वीस-पंचवीस असतात.

वऱ्हाडची गोष्ट आणखी जुनी. बहमनी राज्य फुटून पाच शाह्या झाल्या, त्यांतली एक इमादशाही. ती १४९० साली वऱ्हाडात स्थापन झाली. राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर. तिचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा जन्माने विजयनगरकडचा ब्राह्मण मुलगा, युद्धात पकडला जाऊन मुसलमान झालेला. १५७४ साली अहमदनगरच्या निजामशाहीने हे राज्य गिळले, १५९६ साली चाँदबीबीला वऱ्हाड अकबराच्या हवाली करावे लागले, आणि अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड हा एक सुभा म्हणून नोंदला गेला. नंतर आसफजाही. १८५३ साली निजामाकडून फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांनी वऱ्हाड लावून घेतले. पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे भोसल्यांचे राज्य वारस नाही म्हणून खालसा केले. १८६१ साली नागपूर आणि सागर-नर्मदा प्रदेश जोडून मध्यप्रांत झाला. १९०२ साली कर्झनने निजामाशी दरसाल पंचवीस लाख रुपयांचा कायमचा पट्टा केला, आणि १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार नागपूरला जोडला गेला. या सगळ्यात वऱ्हाडच्या माणसाला कोणी काही विचारले नाही, तो हिंदू असो की मुसलमान. निजामाने वऱ्हाड गहाण टाकले हे खरे. पण ज्या वऱ्हाडी मुसलमानाला आज 'तुमच्या निजामाने' म्हणून ऐकवतात, त्याचे पणजोबा तेव्हा कापूस वेचत नाहीतर माग चालवत होते. पंचवीस लाखांतला छदामही त्यांना दिसला नाही.

या कारभाराचे मोडलेले तुकडे आपल्या बोलण्यात अजून आहेत. पुण्याकडे तालुका म्हणतात, आपण तहसील म्हणतो. भंडारा-गोंदियात मालगुजारी तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव उरले, आणि सरकारी भाषेत 'माजी मालगुजारी'चे 'मामा तलाव' झाले. आमच्या शाळेतली पोरे मामा तलाव ऐकून खो खो हसतात. कोणाचा मामा, विचारतात. मालगुजार म्हणजे माल, म्हणजे महसूल, भरणारा. हा शब्द त्यांना घरच्या उर्दूतून एका मिनिटात सुटतो, पण क्रमिक पुस्तकात तो तसा सोडवून दाखवायला जागा नाही. उर्दूची पुस्तके बालभारतीच काढते, आणि ती चांगली निघतात. तरी त्यांतला इतिहास दुसरीकडून भाषांतर होऊन येतो. इयत्ता चौथीत आम्ही शिवछत्रपती शिकवतो, मन लावून शिकवतो, कोणी सांगितले म्हणून नव्हे. पण अचलपूरचा पोरगा गाविलगड बघत मोठा होतो आणि गाविलगड कोणी बांधला हे त्याला बारावीपर्यंत कोणी सांगत नाही. याला आम्ही शिक्षण म्हणावे का?

आता या प्रांताच्या माणसांकडे येऊ. न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला देशाचे सरन्यायाधीश होते, १९६९ साली काही आठवडे हंगामी राष्ट्रपती होते, १९७९ ते १९८४ उपराष्ट्रपती होते, हे सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात असते. हे गृहस्थ नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, १९३० पासून नागपुरात वकिली केली, १९४३ साली मध्यप्रांत-वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले, १९४६ साली नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९५४ साली मुख्य न्यायाधीश. नागपूर विद्यापीठाच्या कायदा शाखेचे ते अधिष्ठाताही होते. १९५६ साली प्रांत मोडला आणि ते मुख्य न्यायाधीश म्हणून जबलपूरला गेले. त्यांचे वडील हाफिज विलायतुल्ला याच प्रांतात सरकारी अंमलदार होते आणि उर्दूचे नावाजलेले शायर होते. रायपूरने २००३ साली आपल्या कायदा विद्यापीठाला हिदायतुल्लांचे नाव दिले. नागपुरात प्रांताच्या आठवणी निघतात तेव्हा त्यांचे नाव घेतले जाते का, हे वाचकांनीच आठवून पाहावे. आणि वडिलांच्या उर्दू शायरीचे नाव आपल्या उर्दू शाळांत तरी घेतले जाते का?

बाबा ताजुद्दीनांचे नाव मात्र सगळे घेतात. त्यांचा जन्म कामठीचा, १८६१ चा, म्हणजे ज्या वर्षी मध्यप्रांत झाला त्याच वर्षीचा. त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळातून आपल्या शकरदऱ्याच्या वाड्यात आणणारे रघूजीराव भोसले होते. उरसाला दोन्ही समाज लोटतात हे खरे आहे आणि चांगलेही आहे. पण इतिहासात मुसलमानाला शिरायचे असेल तर त्याने वलीच व्हावे लागते की काय, अशी आम्हाला शंका येऊ लागली आहे. वकील, विणकर, शिक्षक, कारकून होऊन भागत नाही?

शिक्षणाचा विषय निघालाच आहे तर त्या बदनाम विद्यामंदिराकडे वळू, कारण आमचे पोट याच विषयावर आहे. एप्रिल १९३६ मध्ये नागपुरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भारतीय साहित्य परिषद भरली. प्रेमचंद होते, मौलवी अब्दुल हक होते. राष्ट्राच्या भाषेला काय म्हणायचे यावरून तिथे वाद झाला, आणि 'हिंदी अथवा हिंदुस्थानी' हा शब्दप्रयोग अब्दुल हकांना मान्य झाला नाही. ते दुखावून परतले. परतले कुठे? औरंगाबादला. त्यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय तेव्हा आपल्या मराठवाड्यात होते. १९३८ साली ते दिल्लीला गेले. हिंदी-उर्दूच्या झगड्याचा एवढा मोठा प्रसंग नागपुरात घडला, पण तो उत्तर हिंदुस्थानच्या खात्यावर मांडला जातो.

दीड वर्षाने, ऑक्टोबर १९३७ मध्ये, नागपूरपासून सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवर वर्ध्याला शिक्षण परिषद झाली. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, हस्तोद्योगाभोवती गुंफलेले. त्याचा तपशीलवार आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. बी.एड.ला आम्ही सर्वांनी 'वर्धा योजना' पाठ केली आहे, तिच्यावर दहा गुणांचा प्रश्न हमखास येतो. उत्तरात झाकिर हुसेन यांचे नाव एका ओळीत येते, आणि ते न लिहिले तरी गुण कापले जात नाहीत.

त्याच काळात प्रांताच्या काँग्रेस सरकारात रविशंकर शुक्लांनी खेड्यांसाठी विद्यामंदिर योजना आणली. गावकऱ्यांनी दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालवायची, अशी ती कल्पना. कल्पना वाईट नव्हती. मुसलमानांना 'मंदिर' हा शब्द खटकला, उर्दूचे काय होणार ही धास्ती वाटली. १९३८ च्या अखेरीस लीगच्या पीरपूर अहवालात या प्रांताच्या तक्रारी आल्या. आता रामदासपेठेतल्या व्याख्यानात सांगतात ते असे की, एका नावावरून मुसलमानांनी शाळांना विरोध केला. आणि आमच्या काही बुजुर्गांकडून ऐकतो ते असे की, शाळेत बुतपरस्ती आणायचा डाव कौमने हाणून पाडला. आम्हाला दोन्ही बाजू सारख्याच लबाड वाटतात. ज्या प्रांतात मुसलमान शंभरात जेमतेम पाच, जिथे ११२ जागांच्या विधानसभेत त्यांच्या जागा १४, तिथे सरकारने शाळेला 'पाठशाला' किंवा नुसते 'शाळा' म्हटले असते तर काय बिघडले असते? बहुमतवाल्याला शब्द स्वस्त असतात, कारण त्याचे कान त्याला सरावलेले असतात. अल्पसंख्याकाला तोच शब्द दारातली पायरी वाटतो. हे सरकारला कळायला हवे होते.

पण हेही विचारले पाहिजे की आमच्या पुढाऱ्यांनी नावावर जेवढी ताकद लावली तेवढी शिक्षकांच्या संख्येवर, मुलींच्या शाळांवर, उर्दू अध्यापक विद्यालयांवर लावली का? वर्ध्याच्या आराखड्यात मातृभाषेचे माध्यम लिहिलेले होते, आणि ते एका मुसलमान शिक्षकाने लिहिले होते. ते हातात धरून भांडता आले असते. नावावरचे भांडण पुढे पाकिस्तानच्या मागणीत वाहून गेले. भांडणारे काही जण कराचीला गेले, आणि कामठीच्या विणकराची पोरगी जिथे होती तिथेच राहिली.

१ नोव्हेंबर १९५६ ला प्रांत मोडला. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले, बाकीचे नव्या मध्यप्रदेशात गेले आणि राजधानी भोपाळ झाली. मराठी माणसाला यात मराठी राज्य मिळण्याची वाट दिसली, हिंदी माणसाला हिंदी राज्य मिळाले. उर्दू बोलणाऱ्याचे काय झाले? बुऱ्हाणपूर, खंडवा, जबलपूर, रायपूर तिकडे. बाळापूर, अचलपूर, कामठी, मोमिनपुरा इकडे. सोयरिकी एकाच प्रांतातल्या होत्या, त्या दोन राज्यांच्या झाल्या. याबद्दल आम्ही गळा काढत नाही. भाषावार राज्ये व्हायला हवीच होती, आणि मराठी राज्यात असल्याचे आम्हाला दुःख नाही. हा लेख आम्ही मराठीतच लिहितो आहोत. पण त्या वाटणीत एक तिसरी भाषा होती, याची नोंद तरी कुठे असावी.

नोंद एका ठिकाणी आहे, आणि गंमत म्हणजे ती आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती फाजल अली होते. १९५५ च्या त्यांच्या अहवालाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, हे प्रत्येक विदर्भवादी सांगतो. त्याच अहवालाने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचाही विचार केला, आणि त्यातून १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. म्हणजे ज्या कागदाने आमचा प्रांत मोडला त्याच कागदाच्या आधारावर आमची उर्दू प्राथमिक शाळा उभी आहे. अहवालाचे पहिले पान सगळे फडकवतात. हे दुसरे पान कोणीतरी फडकवायला हवे होते. शिक्षकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात तेव्हा तर हवेच होते.

प्रांत मोडणे ही जगात नवी गोष्ट नाही. १९२४ साली सोव्हिएत सरकारने तुर्कस्तान नावाचा प्रशासकीय प्रदेश, बुखारा आणि ख्वारिज्मसकट, भाषा आणि जमातीच्या नावाने कापून उझबेक, तुर्कमेन वगैरे तुकडे पाडले. समरकंद आणि बुखारा, जिथे घराघरांत ताजिक फारसी बोलली जात होती, ती उझबेकिस्तानात गेली. मग लिपी बदलली. विसाच्या दशकाच्या अखेरीस अरबी लिपी जाऊन लॅटिन आली, १९४० च्या सुमारास लॅटिन जाऊन रशियन अक्षरे आली. पंधरा वर्षांत दोन लिप्या! आजोबांनी लिहिलेले पत्र नातवाला वाचता येईना. आमच्याकडे समरकंद-बुखाऱ्याचे नाव काढले की डोळे पाणावणारी मंडळी खूप आहेत. त्यांना आम्ही एवढेच सांगू की तिथे सरकारने हुकूम काढून जे केले, ते आम्ही इथे कोणाच्याही हुकमाशिवाय करून घेतले आहे.

कारण वऱ्हाडचे जुने कागद मोडीत आहेत आणि फारसीत आहेत. मोडी शाळांतून गेली. फारसी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. देशमुखांच्या वाड्यांत, दर्ग्यांच्या मुतवल्लींकडे, देवस्थानांकडेसुद्धा इनामाच्या सनदा ट्रंकांत पडून आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात इनायत जंग संग्रह म्हणून मोगलांच्या दख्खनी कारभाराचे लाखावर कागद आहेत. हे वाचायला लिपीची ओळख कोणाला आहे? उर्दू शाळेत शिकलेल्याला. वाचलेले मराठीत कोण सांगू शकतो? विदर्भात राहून दोन्ही भाषा बोलणारा. म्हणजे आपणच की! यादव माधव काळे यांनी १९२४ साली 'वऱ्हाडचा इतिहास' आणि १९३४ साली 'नागपूर प्रांताचा इतिहास' लिहिला. ते बुलढाण्याचे. त्यांच्या काही निष्कर्षांशी आमचे पटत नाही, पण माणसाने काम केले. नव्वद वर्षांत आमच्यातून त्या तोडीचे एक पुस्तक मराठीत आलेले आम्ही तरी पाहिलेले नाही. आम्ही नाते जोडतो ते बेरारच्या राजपुत्राशी. निजामाच्या मोठ्या मुलाला १९३६ साली 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला, आणि शेवटच्या खलिफाची मुलगी दुर्रेशहवार त्याची बेगम, म्हणून ती बेरारची राजकन्या. तिची छायाचित्रे आमच्याकडे कौतुकाने दाखवली जातात. फार देखणी बाई होती, यात वाद नाही. पण बेरारच्या मुसलमानाचा इतिहास म्हणजे ती नव्हे.

कोणी म्हणेल, हे काम विद्यापीठाचे. विद्यापीठाने करावे, जरूर करावे. तोवर शाळांना काय अडचण आहे? आमच्या सहली आग्र्याला जातात, अजमेरला जातात. पोरे ताजमहालासमोर फोटो काढून येतात आणि मुमताज महल बुऱ्हाणपूरला वारली, म्हणजे आपल्याच जुन्या प्रांतातल्या गावी, हे त्यांना माहीत नसते.

अकोटवरून नरनाळ्याला जाता येते. अकोटमध्ये उर्दू शाळा आहेत. किल्ल्याच्या दरवाज्यांतला सगळ्यात देखणा तो महाकाली दरवाजा. त्यावर हिजरी ८९२ चा, म्हणजे इसवी सन १४८७ चा लेख कोरलेला आहे, बहमनी सुलतानाच्या आणि फतहुल्ला इमाद-उल-मुल्काच्या नावाचा. नाव महाकालीचे, अक्षरे अलिफ-बे-ची. तिथे येणारा माणूस वर पाहतो, 'काहीतरी उर्दूत लिहिले आहे' म्हणतो आणि पुढे जातो. आठवीच्या वर्गाला एक दिवस तिथे न्यावे. जंगल खात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते, पाणी वर नेावे लागते, हिवाळ्यात गेलेले बरे. लेख अरबी वळणाचा आहे, लगेच लागणार नाही, अक्षर अक्षर जोडावे लागेल. मुलांनी ते वहीत उतरवावे, खाली मराठीत अर्थ लिहावा, आणि तो कागद पुढच्या वर्षी याच वार्षिकाला पाठवावा.